टिटवीची त्रेचाळीस पावलं

१ मे, बुधवार

बीपी १६०/१००. भोरच्या डॉक्टरांनी सांगितलंय, राग आला की तोंड उघडायचं नाही, वही उघडायची. आमच्या मंडळींनी, म्हणजे सुलक्षणानं, लगेच दोनशे पानी वही आणली. वर विचारते, "म्हैनाभर पुरंल न्हवं?" पहिला राग हाच लिहून ठेवतो.

दुसरा राग टिटवीचा. मी सावळाराम, एसटीत कंट्रोलर म्हणून चौतीस वर्षं काढली, आता गावच्या क्रीडा मंडळाचा अध्यक्ष आहे. उन्हाळ्यात भाटघर धरणाचं पाणी मागं हटतं आणि गावाखालची सपाट जमीन, गाळपेर म्हणतात ती, उघडी पडते. पोरं तिथं दर वर्षी क्रिकेट खेळतात. यंदा मी मोठ्या स्पर्धेचं मनावर घेतलं. गाळपेर चषक, सोळा संघ, सामने १८ पासून, फायनल २६ ला. सारोळ्यापासून पार पासलीपर्यंत पत्रकं गेलीत. आज रोलर घेऊन पीच करायला उतरलो, तर एक टिटवी किंचाळत आली आणि माझी टोपी उडवून गेली.

"तात्या, हलू नगा! पायाखाली बघा!" गोरख ओरडला. गोरख आमच्या संघाचा कप्तान, भातशेती करतो, पोरगा गुणी आहे पण ओरडतो फार. खाली बघतो तर माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर चार अंडी. मातीच्याच रंगाची, वर काळे ठिपके, भोवती खडे आणि शेळीच्या लेंड्या मांडलेल्या. चारींची टोकं आत वळलेली. घरटं म्हणावं तर काडी नाही की काटकी नाही. आणि जागा कुठली, तर पीचच्या बरोबर मध्ये, जिथं चांगला बॉलर टप्पा टाकतो तिथं. एवढं धरण उघडं पडलंय, बाईला हीच जागा सापडली!

२ मे, गुरुवार

मंडळाची बैठक. पीच हलवावं तर वरच्या अंगाला दगड, खालच्या अंगाला चिखल. कुणीतरी म्हणालं, अंडी द्या फेकून. त्यासरशी बनाआत्तीनं काठी उगारली. बनाआत्ती ऐंशीच्या पुढची, रोज शेळ्या घेऊन धरणात उतरते. टिटवीची अंडी बघून पावसाचं सांगायचं काम गावात तिचंच. टिटवीनं उंचावर अंडी घातली तर पाऊस दणकून, खाली पात्रात घातली तर ओढ. आज म्हणाली, "पार तळाला घातल्यात की रं. औंदा काय खरं न्हाई." बैठकीतल्या सगळ्या शेतकऱ्यांची तोंडं उतरली.

आमची सून अश्विनी हायस्कुलात विज्ञान शिकवते. ती म्हणाली, अंडी उबायला अठ्ठावीस दिवस लागतात, नर आणि मादी पाळीपाळीनं बसतात. ही अंडी एप्रिलच्या शेवटी घातलेली दिसतात, म्हणजे पिल्लं २५-२६ मेला निघतील. घ्या! फायनलचाच मुहूर्त!

"हात लागला की टिटवी अंडी सोडते का गं?" मी विचारलं.

"तसं नाही मामा. तिला वासाचं काही नसतं, ती जागा ओळखते. एकदम लांब नेली तर सापडायची नाहीत. पाऊल-पाऊल सरकवली तर घेते म्हणतात. पण ते जाणत्यांचं काम आहे, आपण हात नाही लावायचा."

जाणत्यांचं! चौतीस वर्षं भोर स्टँडावर एकेका फलाटावर तीन-तीन गाड्या लावून दाखवल्यात मी. चार अंडी काय चीज आहे!

४ मे, शनिवार

जमलं! सकाळी सहाला एकटा गेलो. अंड्यांपासून एक पाऊल वरच्या अंगाला मुठीएवढा खळगा केला, तिचेच खडे आणि लेंड्या त्यात मांडल्या, आणि सुलक्षणाच्या आमटीच्या पळीनं एकेक अंडं उचलून ठेवलं. टोकं आत. टिटवीनं तोवर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी लांब जाऊन घड्याळ लावून बसलो. पहिली पाच मिनिटं ती रिकाम्या जागेभोवती फिरली. अकराव्या मिनिटाला आली, अंड्यांकडे मान वाकडी करून बघितलं, आणि बसली की हो! मला एवढं बरं वाटलं की परत येताना शीळ घालत आलो. रोज एक पाऊल न्यायचं. कुणाला सांगायचं नाही. अध्यक्ष पळी घेऊन टिटवीमागं फिरतो म्हटल्यावर सोळा संघ काय म्हणतील?

५ मे, रविवार

दुसरं पाऊल. घरी आलो तर सुलक्षणा विचारते, "आमटीची पळी कुटं गेली?" म्हटलं, मला काय विचारतेस, मी काय स्वयंपाक करतो? बीपी १५०/९६.

८ मे, बुधवार

काहीतरी अजब चाललंय. आज पाचवं पाऊल. मूळ जागी मी चुन्याच्या फक्कीची खूण केलीय, तिथून अंडी पाच पावलांवर असायला हवीत. अकरा आहेत! तीनदा मोजलं. म्हणजे टिटवी स्वतःच अंडी सरकवतेय. तिला माझी दिशा पटली असणार. संध्याकाळी अश्विनीला आडून-आडून विचारलं, टिटवी अंडी उचलते का? म्हणाली, "नाही मामा. तिची चोच आणि पाय बघा, काय उचलणार? तिला धड झाडावरसुद्धा बसता येत नाही, मागचं बोट नावापुरतंच असतं." मग म्हटलं, रात्री आभाळ पडू नये म्हणून ती पाय वर करून झोपते, हे तरी खरं का? म्हणाली, तेही नाही. शास्त्राला अजून बरंच कळायचं राहिलंय. स्पर्धा संपली की पेपरला पत्र लिहीन म्हणतो.

बाकी गावात शिस्त आलीय, हे नमूद केलं पाहिजे. पहाटे उतरावं तर बनाआत्ती शेळ्या घेऊन चढून येत असते. गोरख कधीचा मैदानावर हजर, हातात बॅटिंगचे ग्लोव्हज, आणि बॉल टाकायला कुणी नाही. आणि आमची ही! घरी गॅस असून गोवऱ्या वेचायला धरणात उतरायला लागलीय. म्हणाली, चुलीवरच्या भाकरीची सर गॅसला न्हाई. अध्यक्ष खमका असला की गाव हलतं.

११ मे, शनिवार

आज पहिल्या एसटीनं लियाकतभाई आले, पीच बघायला. भोरात मोटार वाइंडिंगचं दुकान आहे त्यांचं, आणि तालुक्यात त्यांच्याइतका सरळ अंपायर नाही. टिटवीला मात्र त्यांची पांढरी टोपी सोसत नाही. नुसती टोचे मारते. "सावळारामभाऊ, ही माझ्या डोक्यामागं अशी लागली तर मी नोबॉल कुठनं बघायचा?" म्हणाले. मग एकदम बोट दाखवलं. टिटवी एक पंख लोंबवत, लंगडत, फरफटत चाललेली. मला वाईट वाटलं. पंख मोडला हिचा म्हणून मी मागं-मागं गेलो. पंचवीस पावलं मला लांब नेलं आणि भुर्रकन उडाली! धडधाकट! लियाकतभाई पोट धरून हसले. "नाटकी आहे हो. सगळ्यांना अंड्यांपासून अशीच लांब नेते."

दुपारी उन्हात दुसरा खेळ बघितला. टिटवी खाली पाण्यात जाते, पोट भिजवते, आणि ओल्या पोटानं येऊन अंड्यांवर बसते. अंडी गार ठेवायला. मी दिवसभर तिथंच छत्री धरून बसलो. लियाकतभाई मला चहा प्यायला वर जा म्हणून फार आग्रह करत होते. "मी बसतो की हितं, तुम्ही जा." शेवटी जाऊन आलो. मोठ्या मनाचा माणूस.

१४ मे, मंगळवार

पीच मोकळं! तेहतीस पावलं झाली, त्यात माझी अकराच. टिटवीबाईंचे आभार. रोलर फिरवला, चटई अंथरली. चेंडू लागू नये म्हणून अंडी अजून थोडी, बांधापर्यंत न्यायची. बीपी १४०/९०, डॉक्टर खूश.

पण एक झालंय. गावानं बघितलं की टिटवी रोज वर-वर चढतेय. आज देवळापुढं बनाआत्ती म्हणाली, "ऐंशी पावसाळं काढलं, पर अंडी घिऊन डोंगार चढनारी टिटवी म्या पयल्यांदाच बघितली. औंदा आभाळ फाटतंय बगा." बायकांनी हात जोडले. दोघं जण कौलं शाकारायला गेले. मला हसू आवरेना.

१७ मे, शुक्रवार

आज हसू आलं नाही. अंडी त्रेचाळीस पावलांवर, पार बांधाच्या कडेला आलीत. आता तिथंच राहू देत म्हणून मी पळी धुऊन जागेवर ठेवली. आणि घरी येतो तर दारात गोरख.

"तात्या, सोमवारी धूळवाफेवर भात पेरतोय. टिटवी सांगती तर कशाला थांबायचं? वाडीतली अकरा घरं बी पेरत्यात. तुमी काय म्हंता?"

कोरड्या मातीत पेरायचं आणि पावसाची वाट बघायची, हे आमच्याकडं होतं, पण जूनच्या तोंडावर. आता पेरलं आणि एखादी सर येऊन पुढं ओढ पडली, की कोंब उगवून जळणार. घरचं जपलेलं इंद्रायणीचं बी. ते गेलं की लावायला रोपच नाही. सगळ्या वाडीचं वर्षाचं भात त्या पळीवर ठरलंय, आणि ते मला एकट्याला ठाऊक आहे. मी काय म्हणावं? म्हणालो, "टिटवीला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

थू माझ्या जिंदगानीवर!

१८ मे, शनिवार

स्पर्धा सुरू. पहिला सामना जिंकलो. माईकवर मीच बोलत होतो, पण काय बोललो आठवत नाही. जेवण गेलं नाही. बीपी १७०/१०४.

खरं बोललो तर माझं हसं होणार. नाही बोललो तर परवा अकरा घरं पेरणार. तरीही मी दिवसभर हिशेब करत राहिलो की त्रेचाळीसातली चौदाच माझी आहेत, बाकी एकोणतीस तिचीच, म्हणजे तिलाही काहीतरी कळत असेलच की. स्वतःला फसवायला माणसाला किती आकडे सुचतात! सुलक्षणानं ताट उचलताना नुसतं बघितलं आणि म्हणाली, "पोटात हाय ते ओठावर आना. वहीला किती तरास देताय?"

१९ मे, रविवार

सांगितलं.

सामने झाल्यावर भैरवनाथाच्या देवळापुढं चहाला सगळे जमले होते. मी माईक हातात घेतला, मग वाटलं नको, आणि खाली ठेवला. म्हटलं, "उद्या कुणी पेरू नका. टिटवी वर चढली नाही. मी तिची अंडी पळीनं सरकवली, पीच मोकळं करायला. चौदा पावलं. मी लबाडी केली आणि परवा गोरखनं विचारलं तेव्हाही खरं सांगितलं नाही. मला माफ करा. अध्यक्ष दुसरा बघा."

सुलक्षणा पुटपुटली, "तरीच आमटीला टिटवीचा वास."

मग गोरख उठला. मला वाटलं, आता हा मारतो. तो मान खाली घालून म्हणाला, "तात्या, सा पावलं माजी. पीचपायीच. ग्लोव्हज घालून सरकवली. म्या म्हनलं, बाकीची तिनंच नेली."

लियाकतभाईंनी टोपी काढली. "पाच माझी. आल्या दिवशी दोन, तुम्ही चहाला गेलात तेवढ्यात. पुन्हा आलो तेव्हा तीन. टोचे मारून डोक्याची चाळण केली हो तिनं."

तेवढ्यात बनाआत्तीनं काठी आपटली. "माज्याकडं काय बगता? म्या अकरा नेली. पदरात घिऊन."

"आत्ती! आणि वर आम्हालाच सांगितलंस की टिटवी डोंगर चढते?"

"मंग? अंडी वर गेली की पाऊस पडतोय, हे ठावं हाय. तिनं चुकून खाली घातली, म्या वर केली. येवढ्या बारक्या कामाला द्येवाला कशाला तरास द्यायचा? पर म्या अकराच नेली, बाकीची तिची हुती म्हनूनशान मला बी खरं वाटलं."

आता लोक हसायला लागले होते. हसता-हसता मी सुलक्षणाकडं बघितलं तर ती पदर तोंडाला लावून बसलेली. "चार," म्हणाली. "गोवऱ्या वेचताना. स्पर्धा मोडली असती तर तुमचं बीपी कुटं गेलं असतं? मला न्हाई का काळजी?" एवढ्या लोकांत असं बोलली ती. लग्नाला अडतीस वर्षं झाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते हसण्यातच खपून गेलं.

गोरखनं बोटांवर बेरीज केली. चौदा, सहा, पाच, अकरा, चार. चाळीस. तीन पावलं राहिली. कुणाची? अश्विनीला विचारावं म्हटलं, शास्त्र काय सांगतं, तर ती मोबाईलमध्ये एवढी गुंग होती की तिला ऐकूच आलं नाही. कान लाल झालेले, ऊन लागलं असणार. शेवटी बनाआत्ती म्हणाली, "ती तीन तिची." सगळ्यांना पटलं. पेपरच्या पत्रात तीनच पावलं लिहायची, असं ठरवलंय.

२० मे, सोमवार

कुणी पेरलं नाही. अध्यक्षपद राहिलं, नाव मात्र गेलं. गावात मला आता टिटवीतात्या म्हणतात. अंड्यांभोवती गोरखनं लांबून चार स्टंप ठोकून सुतळी बांधली. आता कुणीही एक बोटसुद्धा सरकवायचं नाही. राखणीला बनाआत्ती, आणि बनाआत्तीवर राखणीला सुलक्षणा.

२५ मे, शनिवार

सेमीफायनल जिंकली! आणि त्याहून मोठी बातमी म्हणजे टिटवी उठून गेल्यावर अश्विनीनं मला सुतळीपाशी पोटावर झोपवलं आणि कान द्यायला सांगितलं. अंड्यातून आवाज! बारीक, चिवचिव. म्हणाली, पिल्लं बाहेर यायच्या आधीच आतून बोलायला लागतात, आणि आई बाहेरून बोलते ते त्यांना ऐकू येतं. एका अंड्याला केसाएवढी चीर गेलीय. या वयात मी मातीत पालथा पडून अंड्याचं बोलणं ऐकतोय. बीपी बघायचं विसरलो.

२६ मे, रविवार

सगळं जसं झालं तसं लिहितो.

फायनल पासलीच्या संघाशी. माणूस दोनशेच्या वर. पिल्लं सकाळीच निघाली होती. त्यांचं अंग वाळेपर्यंत आम्ही कुणाला सुतळीजवळ जाऊ दिलं नाही. दुपारी शेवटचं षटक राहिलं, आम्हाला सहा चेंडूंत नऊ हव्या होत्या, गोरख खेळत होता. बॉलर धावायला लागला आणि लियाकतभाईंनी एकदम दोन्ही हात वर केले. "थांबा! डेड बॉल!"

बांधाकडून टिटवी चालत येत होती. मागं चार पिल्लं. कापसाच्या बोंडाला काड्या लावाव्यात तशी. जन्मून सात-आठ तास झालेली, आणि चांगली तुरुतुरु चालत होती. अश्विनी म्हणाली होती, टिटवीची पिल्लं कोंबडीच्या पिल्लांसारखी, लगेच पायावर उभी राहतात, पण डोळ्यांनी बघेपर्यंत माझा विश्वास बसला नव्हता. सुतळीखालून निघून सरळ मैदानात उतरली. चटई ओलांडून खाली पाण्याकडं निघाली.

बरं, गप्प राहतील तर माणसं कसली! पन्नास जण मोबाईल काढून मैदानात धावले. टिटवी किंचाळली, आणि चारही पिल्लं दिसेनाशी झाली. उडाली नाहीत, पळाली नाहीत, होती तिथंच मातीला चिकटली. आईनं धोक्याचा आवाज केला की ती अशी निपचित पडतात, आणि मातीवर ती आणि माती वेगळी दिसत नाही. "कुनी पाय उचलू नगा!" गोरख ओरडला. ज्यांचा पाय आधीच उचललेला होता ते तसेच एका पायावर राहिले. पाय ठेवायचा कुठं? कुठल्या ढेकळाखाली जीव असेल कुणास ठाऊक. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून बोंबलत होती, आणि ती बोंबलत होती तोवर पिल्लं हलणार नव्हती.

मी माईक उचलला. अध्यक्षानं अशा वेळी सूचना द्यायच्या असतात. "डाव्या बाजूच्या लोकांनी..." एवढं बोललो आणि बनाआत्तीनं माझ्या हातातून माईक काढून घेतला.

"खाली बसा समदी. आन् गप. सावळ्या, तू बी."

जो जिथं होता तिथंच, पायाखाली बघत-बघत, हळूहळू बसला. पासलीचा बॉलर बसला, गोरख बॅट मांडीवर घेऊन बसला, लियाकतभाई टोपी खिशात घालून बसले. दोनशे माणसं धरणात उन्हात बसून राहिली. मी गुडघ्यांना मिठी मारून बसलो होतो. महिनाभर हिला मदत म्हणून आम्ही काय-काय केलं, आणि आता नुसतं बसायचं होतं. ते फार अवघड गेलं मला.

टिटवी आणखी थोडा वेळ ओरडली. मग उतरली, इकडंतिकडं बघितलं, आणि वेगळाच, मऊ आवाज काढला. लियाकतभाईंच्या बुटापासून बोटभर अंतरावरचं एक ढेकूळ उठून चालायला लागलं. दुसरं स्टंपापाशी उठलं. तिसरं बॉलरच्या मागं. चौथं कुठं दिसेना, आणि माझा जीव टांगणीला लागला, तोच ते माझ्या सावलीतून निघालं, माझ्या चपलेच्या अंगठ्यावर चढलं, पलीकडं उतरलं आणि पळालं. मला एवढा आनंद झाला की काय करावं कळेना, म्हणून मी काहीच केलं नाही.

आईमागं चारही जण सरळ खाली गेली, फक्कीच्या खुणेच्याही खाली, पार पाण्याच्या काठापर्यंत. आम्ही त्रेचाळीस पावलं वर नेलेलं सगळं त्यांनी पाव तासात उतरून टाकलं. गोरख बसल्या जागेवरून बनाआत्तीकडं वळला. त्याचं बी अजून कणगीत आहे, चेहऱ्यावर तेच होतं. हळूच विचारलं त्यानं, "आत्ती, खाली गेली की गं. आता याचं काय समजायचं?"

बनाआत्ती डोळ्यांवर हात धरून पाण्याकडं बघत होती.

"समजायचं काय त्यात?" म्हणाली. "तान लागलीया लेकरांस्नी."